अनारशांची ऑर्डर

ती घटना आजही आठवते, असं साहेब त्यांच्या प्रत्येक केसच्या सुरुवातीला लिहितात. मला आठवायला बसावं लागत नाही. रिक्षा नुसती त्या पोलीस ठाण्याच्या गेटवरून गेली तरी मी तोंड दुसरीकडे फिरवते.

साहेब आता रिटायर झाले. त्यांचं घराणं दिल्लीतलं जुनं मराठी, सगळी नोकरी दिल्ली पोलिसात गेली, शेवटची वर्षं सायबर ठाण्यात. आता आठवणी लिहितायत. ही केस लिहायला घेतली तेव्हा मला फोन आला, म्हणाले, माझ्या बाजूचं माझ्या डायरीत आहे, तुझ्या बाजूचं तुलाच माहीत, तूच लिही, बोलतेस तसं लिही, नाव कोणाचं घालू नकोस. मी सातवीपर्यंत शिकलेली. भीत भीत लिहितेय, चुकलं तर साहेब बघून घेतील.

मी दिल्लीतल्या द्वारका भागात एका मराठी घरी काम करते, तेव्हाही करायची. ताई आणि दादा दोघं पुण्याचे, दोघं आयटीत, ऑफिस गुरुग्रामला. घरी दादांच्या आई, त्यांना मी आजी म्हणायची. स्वयंपाक माझ्याकडे, आजींचं बघणं माझ्याकडे. माझी लेक तेव्हा दहा महिन्यांची होती, तिला बरोबर आणायला ताईंनी एकदाही नाही म्हटलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात ताई वाईट वाटतील, आणि त्या वाईट नाहीत.

किचनच्या ड्रॉवरमध्ये ताईंनी एक क्रेडिट कार्ड ठेवलेलं असायचं, किराणा-भाजी मोबाईलवरून मागवायला. त्या कार्डाला ताईंचा जुना नंबर जोडलेला आणि ते जुनं सिम आजींच्या फोनात घातलेलं. म्हणजे ओटीपी यायचा तो आजींच्या फोनवर, घरातल्या घरात. ताई मीटिंगमध्ये, दर वेळी बाहेर येऊन आकडे कोण सांगणार? आजींना बारीक अक्षर दिसायचं नाही म्हणून आकडे मी वाचायची. रोजचंच होतं. दोन इंजिनियर होते घरात, त्यांनाही यात काही धोका वाटला नाही, मग मला काय वाटणार?

दिवाळी जवळ आलेली. आमच्या ह्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक पाठवली. हे मानेसरला, गुरुग्रामच्या पुढे, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, सकाळी कंपनीची बस नेते. लिंक उघडली तर चकली, कडबोळी, अनारसे असे फोटो, आणि वर लिहिलेलं, मराठी फराळ, दिल्लीत घरपोच. मी सहज आजींना दाखवलं.

"अगं बाई, अनारसे!" आजी उठूनच बसल्या. "दिल्लीला आल्यापासून तोंडात पडला नाही गं. मागव."

"ताईंना विचारते."

"तिला कशाला विचारतेस? शुगर, शुगर करत बसेल. एक डबा मागव. त्यातला एक तू खा, म्हणजे तूसुद्धा गप्प बसशील."

आम्ही दोघी हसलो. त्या पानावर सगळं मराठीत होतं, इथे फोन नंबर, इथे कार्डाचा नंबर, इथे तारीख, इथे कार्डाच्या मागचे तीन आकडे. आजी कार्ड धरून बसल्या, मी टाकत गेले. मला तर मनातून भारीच वाटलं, पहिल्यांदा कोणाला न विचारता ऑर्डर केली.

थोड्या वेळाने आजींच्या फोनवर एका माणसाचा फोन आला. काय गोड मराठी! "आजी, नमस्कार करतो. तुमचा आवाज ऐकला आणि आईची आठवण झाली बघा. पैसे जरा अडकलेत, मोबाईलवर आकडा आलाय ना, तेवढा वाचता का?"

आजींनी फोन माझ्या हातात दिला. मी वाचला. परत फोन, परत सॉरी, परत आकडा. तीनदा. तिसऱ्या वेळी मला विचारलं, ताई, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, अकोल्याकडची. म्हणाला, वा, मग आपलीच माणसं की.

अनारसे काही आले नाहीत.

दोन दिवसांनी ताईंना बँकेचा मेल आला. दोन शॉपिंग साइटवरून त्यांच्या कार्डावर तीन महागडे मोबाईल घेतलेले. ताईंनी कार्ड बंद केलं, हेल्पलाइनला फोन केला, तक्रार दिली. मग आजींना विचारलं, "आई, कोणाला ओटीपी सांगितला का?"

आजींनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला नाही बाई काही आठवत."

आणि मी पण काही बोलले नाही. आजींना बोलणी बसतील हे एक. दुसरं हे की लिंक आमच्या ह्यांनी पाठवलेली. आणि तिसरं मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगत नव्हते. त्याच आठवड्यात हे घरी नवीन मोबाईल घेऊन आले होते. मित्राचा जुना घेतला म्हणाले. मला काही तो जुना दिसला नव्हता.

मग ठाण्यातून ताईंना फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. ताई बोलत होत्या, "मानेसर? मोबाईलचं दुकान? नाही, आम्ही कोणाला नाही ओळखत तिथे." मग थांबल्या. मग आवाज खाली करून, "आमच्याकडे एक मुलगी काम करते. तिचा नवरा मानेसरला आहे."

तव्यावरची पोळी काळी झाली तरी मी उलटली नाही.

ताई आत आल्या, म्हणाल्या, "चल, जरा ठाण्यात जाऊन येऊ. काही केलं नसशील तर घाबरायचं काय?" मी म्हटलं बाळाचं सामान घेते. बाथरूममध्ये गेले, दार लावलं, तो लिंकचा मेसेज काढून टाकला आणि ह्यांना फोन लावला.

"तो फराळाचा मेसेज काढून टाका तुमच्या फोनातून."

"का? काय झालं?"

"काढा म्हणते ना!" आणि कट केला. यापेक्षा मोठा मूर्खपणा दुसरा नसेल, पण तेव्हा मला तीच अक्कल वाटली.

ताईंच्या गाडीत एसी चालू होता आणि मला घाम सुटलेला. ठाणं सिनेमात दाखवतात तसं नव्हतं, बँकेसारखं होतं, काउंटर, खुर्च्या, फाइलींचे गठ्ठे, एका कोपऱ्यात एक माणूस कपाळ धरून बसलेला, त्याचं पण काहीतरी गेलं असेल. एक लेडी कॉन्स्टेबल होत्या, त्यांनी बाळाला माझ्याकडून घेतलं. "इधर दे बेटी को, तू पानी पी पहले." मला वाटलं बाळ काढून घेतलं. मी रडायलाच लागले. त्या म्हणाल्या, "अरे यार, कहाँ ले जाऊँगी? यहीं बैठी हूँ तेरे सामने."

साहेब समोर येऊन बसले. आधी ताईंना बाहेर बसवलं. मग हिंदीत नाव, गाव, शिक्षण विचारलं, लिहून घेतलं. मी आपली हां जी, हां जी. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि एकदम मराठीत म्हणाले, "घाबरू नकोस बाळ. मी पण आपलाच आहे. मला सगळं सांग."

मी खुर्चीसकट मागे सरकले.

साहेबांनी हे मला नंतर सांगितलं. म्हणाले, इतकी वर्षं माझा हाच हातखंडा होता. दिल्लीत घाबरलेला मराठी माणूस समोर आला की मी मराठीत सुरू करायचो, आणि तो मोकळा व्हायचा. तू पहिली, जी मराठी ऐकून जास्त घाबरली. तिथेच माझ्या डोक्यात यायला हवं होतं की हिला कोणीतरी मराठीतच फसवलंय. पण मी उलटं समजलो. म्हटलं, ही आपल्या माणसासमोर लाजतेय, म्हणजे हिच्या मनात पाप आहे.

मग त्यांचा आवाज बदलला.

"फोन दाखव." मी दिला, त्यांनी वर-खाली करून बघितला. "आज सकाळी नवऱ्याचा मेसेज डिलीट केलायस तू. काय होतं त्यात?"

"काही नाही."

"नवऱ्याला फोन केलास निघताना. काय बोललीस?"

"बाळाचं दूध."

"बाळाचं दूध मानेसरहून येतं?"

कॉन्स्टेबल दीदींना मराठी येत नसणार, पण त्या पण माझ्याकडे बघायला लागल्या. साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. म्हणाले, तिन्ही मोबाईल एका पत्त्यावर मागवलेत, मानेसरचं एक रिचार्जचं दुकान. दोन पोचले, उचलून पण नेले. तिसरा उद्या सकाळी पोचणार आहे. आणि त्या दुकानदाराशी आम्ही फोनवर बोललो, तुझ्या नवऱ्याची पार्सलं पण तिथेच येतात.

हे तर खरं होतं. माझ्या लेकीचा पाळणा पण तिथेच मागवला होता ह्यांनी, दिवसा आमच्या खोलीला कुलूप असतं म्हणून. म्हणजे झालं. माझ्या डोळ्यासमोर तो नवीन मोबाईल आला. मला वाटलं, आता ह्यांना धरून नेणार, कंपनी काढून टाकणार, मी दहा महिन्यांची पोर घेऊन कुठे जाऊ, गावी काय तोंड दाखवू? आणि मी म्हटलं, "साहेब, मी केलं."

"काय केलंस?"

"मोबाईल मीच मागवले. त्यांना काही माहीत नाही. मला आत टाका, पण बाळ लहान आहे, बाळाला माझ्यासोबत राहू द्या."

मला वाटलं आता साहेब लिहून घेतील. पण त्यांनी स्वतःचा मोबाईल काढला, ज्या दोन साइटवरून मोबाईल गेले होते त्यातली एक उघडली, आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"अच्छा. कसं केलंस ते दाखव. एक मोबाईल मागव. तुला आवडेल तो."

सगळं इंग्रजी. फोटो दिसत होते, एकावर बोट ठेवलं. दुसरं पान उघडलं, तेही इंग्रजी, वर-खाली करत बसले, कुठलीतरी साडी उघडली. परत मागे.

"पत्ता टाक. मानेसरच्या दुकानाचा. तूच टाकला होतास ना?"

मला दुकानाचं नाव पण माहीत नव्हतं.

"कार्डाचा नंबर कुठे टाकलास?"

"इथे नाही," मी म्हटलं. मला इतकं रडू येत होतं की काय बोलतेय ते कळत नव्हतं. "इथे सगळं इंग्लिश आहे. त्या फराळाच्या पानावर मराठीत लिहिलं होतं, कार्डाच्या मागचे आकडे इथे टाका, तिथे मला जमलं. हे मला नाही जमत साहेब."

साहेबांनी मोबाईल उचलून घेतला. "कुठलं फराळाचं पान?"

मी हात तोंडावर ठेवला. पण निघालं ते निघालं.

मग मी सगळं सांगितलं, आजी, अनारसे, तो गोड बोलणारा, मी तीनदा वाचलेले ओटीपी. साहेब म्हणाले, तू जे आकडे वाचलेस ना, तेच आकडे घालून तो तिकडे मोबाईल घेत होता, त्याच वेळी. मला ते तोपर्यंत बिल्कुल कळलं नव्हतं. मी समजत होते आम्ही अनारशांचे पैसे देतोय.

"लिंक कोणी पाठवली?"

तेवढं मी सांगेना. साहेब तीनदा विचारून थकले. बाळ रडायला लागलं, दीदी म्हणाल्या, "साहब, बच्ची भूखी है." त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, पंखा लावला, बाहेर बसून राहिल्या. मला म्हणाल्या, शाम होने से पहले घर भेज देंगे, औरत को रात में नहीं रखते, खा ले कुछ. मला आधी कोणी सांगितलं असतं तर अर्धी भीती गेली असती. ठाण्यात काम करणाऱ्यांना मी इथे एवढंच सांगते, की आलेल्या बाईला पहिलं हे सांगा, मग बाकीचं विचारा.

मी बाळाला पाजत होते आणि बाहेरून ह्यांचा आवाज आला. कंपनीच्या कपड्यातच होते. मी परत फोन उचलेना म्हणून आजींना लावला, त्यांनी कार्डाचं आणि ठाण्याचं सांगितलं, तशी शिफ्ट अर्धी टाकून, दोन ऑटो बदलून आलेले. मी दाराच्या फटीतून बघितलं. हे हात जोडून उभे, "साहेब, लिंक मी पाठवली होती. हा बघा मेसेज. तिचा काही दोष नाही. जे घालायचं ते माझ्यावर घाला."

मेसेज काढला नव्हता त्यांनी. मी ओरडून सांगून पण.

साहेबांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला. विचारलं, तुला कोणी पाठवली? तर हे म्हणाले, बसमध्ये शेजारी बसायचा तो. ठेकेदाराकडे कामाला होता, आता काम सोडलं, महाराष्ट्रातलाच, भाऊ भाऊ करायचा. त्यानेच विचारलं होतं, वहिनी मराठी घरी कामाला आहेत ना, त्यांना दिवाळीचा फराळ लागेल, आपल्याच एका बाईचा धंदा आहे, चार लोकांना सांगा. ह्यांनी चार लोकांना सांगितलं. मानेसरला एकेका खोलीत चार-पाच जणं राहतात, घराला नंबर नाही, पार्सलवाला शोधणार कसा? म्हणून सगळे त्या एकाच दुकानाचा पत्ता देतात, तो पण देत होता. साहेब नंतर हसून म्हणाले, अर्ध्या मानेसरचा पत्ता एकच, आणि आम्ही म्हणत होतो तो पत्ता म्हणजे पुरावा.

ह्यांचा नवीन मोबाईल पण साहेबांनी घेऊन तपासला. मित्राचा होता. खरंच जुना होता, वरून नुसतं नवीन कव्हर.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब दोन माणसं घेऊन साध्या कपड्यात त्या दुकानात जाऊन बसले. पार्सल आलं. दुपारी तो बसमधला घ्यायला आला, नाव भलतंच सांगितलं, हिंदीत. साहेबांनी मागून मराठीत विचारलं, "काय भाऊ, फराळ कधी पाठवताय?" त्याने वळून पळायला बघितलं, पण दारात माणूस उभा होता. त्याच्या खोलीत सिमकार्डं निघाली. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, बऱ्याच मराठी घरी त्याने अशीच ऑर्डर घेतली होती. निम्म्या लोकांनी तक्रारच केली नव्हती. लाज वाटली म्हणाले, शिकलेल्या माणसांनी कसं सांगायचं की चकलीसाठी फसलो?

संध्याकाळी ताई माझ्या खोलीवर आल्या. पहिल्यांदाच आल्या. दारात उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "आईंनी सांगितलं मला सगळं. त्या रडतायत. तू सोमवारपासून ये ना." मी म्हटलं येते. सॉरी त्या म्हणाल्या नाहीत, बाळासाठी फ्रॉक आणला होता, तो माझ्या हातात देताना त्यांच्याच डोळ्यात पाणी आलं. मी अजून तिथेच काम करते. ते सिम आता ताईंच्या फोनात आहे, कार्ड ड्रॉवरमध्ये नसतं. आजी माझ्याशी पहिले काही दिवस डोळे मिळवायच्या नाहीत. मग एक दिवस म्हणाल्या, "मला आठवत होतं गं." मी म्हटलं, "माहीत आहे आजी." एवढंच.

साहेब म्हणतात, या केसने त्यांना शिकवलं की समोरचा खोटं बोलतोय हे पकडणं सोपं, तो कोणासाठी खोटं बोलतोय हे शोधायला वेळ लागतो, आणि ठाण्यात वेळच नसतो. हे त्यांचं झालं. माझं मी सांगते, जे त्यांच्या डायरीत नाही.

त्या दिवशी ठाण्यातून घरी येताना ऑटोत ह्यांनी मला विचारलं, "तुला वाटलं होतं का, मी केलं?"

मी म्हटलं, "छे! काहीतरीच काय." पोरीला मांडीवर घट्ट धरून बाहेर बघत बसले.

ते खोटं माझ्याकडून पुढे काही दिवस सहन होईना. पोलिसांसमोर खोटं बोलले त्याचं काही नाही वाटलं, पण हे रोज जेवायला समोर बसायचे आणि मला घास जायचा नाही. मग एका रविवारी मी सांगून टाकलं. हो, वाटलं होतं. त्या मोबाईलमुळे. म्हणूनच मी म्हटलं होतं मी केलं.

हे पोरीला भात भरवत होते. त्यांचा हात थांबला. मला वाटलं आता उठून जातील.

म्हणाले, "तू फोन करून सांगितलंस ना, मेसेज काढून टाका. तेव्हा मला वाटलं, तूच केलंस. ताईंचं कार्ड हाताशी, मोह झाला असेल. ऑटोत बसून तेवढाच विचार करत आलो, की साहेबांना काय सांगू म्हणजे तुला सोडतील."

राग आला मला, खरं सांगते, खूप राग आला, की ह्यांना मी चोर वाटले! आणि मग लक्षात आलं की हा राग करायला मला तोंडच नाही.

"मग मेसेज का नाही काढला?" मी विचारलं.

"काढला असता तर माझ्यावर घ्यायला माझ्याकडे काय राहिलं असतं?"

पोरगी आ करून बसली होती, घास कधी येतो म्हणून. ह्यांनी तिला भरवला, मग एक घास माझ्यापुढे धरला, आणि मी खाल्ला.